महामारी आणि आपल्या गावच्या वाटा



महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाचा पाया कधी घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, ह्याचा वृत्तांत यावा अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. आणि तो ह्या पुस्तिकेत इतरत्र आलाही आहे. इतिहासाचे एक प्रकरण लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळींनी आम्हास केली, तेव्हा आम्ही मात्र भिंती सोडून वाटांकडे वळलो. आपल्यासारखा खेड्यापाड्यांत विखुरलेला धर्मग्राम वाटांनीच एकत्र बांधलेला असतो. रविवारी बंडीने, सायकलीने, एसटीच्या लाल गाडीने अथवा मोटारसायकलीने माणसे आली नाहीत, तर देऊळ उभे असूनही धर्मग्राम दिसत नाही. हे आम्ही २०२० साली रिकाम्या बाकांसमोर उभे राहून पाहिले.

गेल्या सव्वाशे वर्षांत ह्या मुलखावर तीन मोठ्या साथी येऊन गेल्या. १८९६ पासून प्लेग, १९१८ साली इन्फ्लुएन्झा आणि २०२० साली करोना. तिन्ही साथी परमुलखातून वाटेने चालत आल्या, आणि तिन्ही वेळा कोठे ना कोठे वाट बंद करण्यात आली. पहिल्या वेळी दारव्ह्याची वाट बैलगाडीची होती. दुसऱ्या वेळी आगगाडीची झाली होती. तिसऱ्या वेळी मोटारीची होती. ह्या तीन प्रसंगी कोण थांबला, कोण चालत राहिला आणि कोण पोहोचू शकला नाही, एवढ्याच गोष्टीचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

साथ आली की वाट अडवावी, हा उपाय फार जुना आहे. एड्रियाटिक समुद्राच्या काठी असलेल्या रगुसा नगराने १३७७ साली बाहेरून येणाऱ्यांस तीस दिवस दूर ठेवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिस नगराने बेटावर रुग्णालय उभारले आणि तीस दिवसांचे चाळीस दिवस झाले. इटालियन भाषेतील चाळीस ह्या संख्येवरूनच क्वारंटाइन हा शब्द निघाला. उपवासकाळाचे चाळीस दिवस पाळणाऱ्या आपल्या लोकांस ही संख्या परकी वाटू नये. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला आणि लोकांस घरांत कोंडून राहावे लागले, तेव्हा तेथील महागुरू संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनी चौकाचौकांत वेद्या मांडून मिस्सा अर्पण करविल्या, म्हणजे लोकांनी आपापल्या खिडकीतून त्यांत भाग घ्यावा. वाट बंद असता मेंढपाळाने काय करावे, ह्या प्रश्नाचे त्या संताने दिलेले हे उत्तर वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे आम्हास त्याकडे परत यावयाचे आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा सारा व्यापार बैलांच्या पाठीवरून चाले. बंजारा समाजाचे तांडे शेकडो बैल घेऊन मीठ व धान्य ह्यांची ने-आण करीत. सांप्रत दारव्हा, दिग्रस व मानोरा ह्या भागांत स्थिरावलेल्या अनेक तांड्यांच्या पूर्वजांनी हा हिंदुस्थान पायाखाली घातला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि १८६७ साली भुसावळ, अकोला, बडनेरा ह्या मार्गाने लोहमार्ग नागपुरास पोहोचला. मीठ व धान्य आता डब्यांतून जाऊ लागले. बैलांचे तांडे हळूहळू थांबले आणि ज्यांचा धंदाच चालण्याचा होता, त्यांस जमीन धरून बसावे लागले. दारव्ह्याच्या लोकांस मात्र आगगाडी गाठावयाची तर बंडीने अथवा रेंगीने मूर्तिजापूरची वाट धरावी लागे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले म्हणजे गावचे गाव आपोआप जगापासून तुटत असे. त्यासाठी कोणत्याही सरकारी हुकुमाची गरज नव्हती.

अशा काळी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी ह्या रोगाचा पहिला रुग्ण ओळखला. हे डॉक्टर गोव्याच्या हडफडे गावचे कॅथलिक गृहस्थ होते. त्यांच्या निदानावर आरंभी शंका घेण्यात आली, परंतु ते खरे ठरले. पुढील काही महिन्यांत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती शहर सोडून निघून गेली. आगगाडीच्या डब्यांत दाटीवाटीने बसून जो तो आपल्या गावाकडे धावला, आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर रोगही गावोगाव उतरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्या कायद्याने आगबोटी व आगगाड्या तपासण्याचा, प्रवाशांस उतरवून घेण्याचा आणि संशयितांस वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारी अंमलदारांस मिळाला. स्थानकांवर प्रवाशांस रांगेने उभे करून त्यांच्या काखा व जांघा चाचपण्यात येत. स्त्रियांच्या तपासणीमुळे तर लोक फारच संतापले. १८९७ साली मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आगबोटी बंद ठेवण्यात आल्या. पुण्यात घरझडतीच्या जुलमामुळे जो क्षोभ झाला, त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावरील हल्ल्यात झाली, हे सर्वश्रुतच आहे.

परंतु त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले ह्यांनी एका आजारी मुलास स्वतः उचलून दवाखान्यात नेले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. प्लेगच्या इतिहासात वाटेवर उभे राहून अडविणारे पुष्कळ होते. उचलून नेणारे थोडे होते. इतिहासलेखकाने ह्या थोड्यांची गणती विसरू नये.

पुढील काही वर्षांत वऱ्हाडातही हा गाठीचा ताप पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहात. हा रिवाज महाराष्ट्रात सर्वत्र होता आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा होता, कारण रोग पसरविणाऱ्या पिसवा घरांतील उंदरांबरोबर असत. ज्यांस शेत होते ते आपल्या शेतात गेले; ज्यांस शेत नव्हते ते दुसऱ्याच्या बांधावर गेले. मुंबईकडे वांद्रे व माझगाव येथील आपल्या धर्मबांधवांनी त्या काळी रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांभोवती जमून ते प्रार्थना म्हणू लागले. त्यांतील अनेक क्रूस आजही उभे आहेत. देवळापर्यंत जाणे कठीण झाले तेव्हा लोकांनी प्रार्थना घराजवळ आणली, असा त्या दगडांचा अर्थ आहे.

त्यानंतर वीस वर्षांच्या आत दारव्ह्याची वाट पालटली. किलिक निक्सन ह्या विलायती कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग बांधला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर नेऊन मुंबईस व तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस पोहोचवावा, हा ह्या खटाटोपाचा हेतू होता. दारव्ह्याच्या स्थानकास दारव्हा मोतीबाग असे सुंदर नाव मिळाले. येथून पुसदकडे जाणारा एक फाटाही पुढे निघाला. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडून नेण्यात आला. ह्या गाडीस लोकांनी शकुंतला म्हटले. कापसासाठी घातलेल्या ह्या गाडीत माणसेही बसू लागली आणि तीच पुढे गरिबाचे वाहन झाली.

१९१८ च्या जून महिन्यात, महायुद्ध अद्याप चालू असता, मुंबईच्या गोदीवरील पहाऱ्याचे काही पोलिस शिपाई तापाने आजारी पडले. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र भयंकर होती. लोकांनी तिला मानमोडी हे नाव दिले. युद्धावरून परतणारे शिपाई आणि गावाकडे निघालेले गिरणीकामगार ह्यांच्याबरोबर ती लोहमार्गाने देशाच्या पोटात शिरली. सरकारच्या आरोग्य खात्यानेही आपल्या अहवालात ह्या प्रसारातील आगगाडीचा वाटा मान्य केला. मध्य प्रांत व वऱ्हाड हा भाग देशातील सर्वांत अधिक होरपळलेल्या भागांपैकी होता. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, ज्वारीचे पीक बुडाले होते आणि युद्धामुळे धान्य महाग झाले होते. उपाशी शरीरास ताप आला म्हणजे काय होते, हे सांगावयास नको. देशभरातील मृत्यूंचा तत्कालीन सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. मागाहूनच्या अभ्यासकांनी तो आकडा सव्वा कोटीच्याही वर नेला आहे. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. विसाव्या शतकात असे दुसरे दशक झाले नाही.

येथे एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. प्लेगच्या वेळी आगगाड्यांवर कडक पहारा बसला. मानमोडीच्या वेळी मात्र देशभर आगगाड्या चालूच राहिल्या. युद्धाची गरज आड आली, आणि प्लेगच्या जुलमाची लोकांस व सरकारासही आठवण होती. एकदा वाट फार अडविली म्हणून लोक चवताळले. दुसऱ्यांदा वाट मोकळी राहिली म्हणून लोक मेले. आज घरी बसून ह्यापैकी एका चुकीस हसणे सोपे आहे. परंतु ज्यांस त्या घडीस निर्णय करावयाचा होता, त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंस माणसांचेच प्राण होते. २०२० साली पुन्हा हाच तराजू हाती आला.

त्याआधी शकुंतलेचे काय झाले ते सांगितले पाहिजे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ही गाडी १९९४ पर्यंत ओढली. नंतर डिझेलचे इंजिन आले. स्वातंत्र्यानंतर देशातील लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले, तरी ह्या मार्गाचा जुना करार पुढे चालूच राहिला, ही एक विलक्षण गोष्ट होय. रूळ जीर्ण झाले, गाडीचा वेग मंदावला आणि करोनापूर्वी काही वर्षे तिचे येणे-जाणे थांबले. त्यामुळे मार्च २०२० मध्ये देशातील सर्व प्रवासी गाड्या थांबल्याची वार्ता आली, तेव्हा दारव्ह्याच्या स्थानकावर काही निराळे दिसले नाही. गवत तेथे आधीच उगवले होते. ज्या गावाची गाडी शांततेच्या काळी निघून गेली, त्यास संकटकाळी ती थांबल्याचे दुःख करण्याचाही अधिकार उरत नाही, असा विचार तेव्हा आमच्या मनात आला.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले. ते दुबईच्या सहलीहून परतले होते. त्याच सहलीहून परतलेल्या यवतमाळच्या प्रवाशांतही थोड्याच दिवसांत रोग आढळला. १८९६ व १९१८ साली आगबोटीने मुंबईस उतरलेल्या रोगास यवतमाळपर्यंत येण्यास काळ लागला होता. ह्या वेळी विमानामुळे पुणे व यवतमाळ ह्यांत आठवड्याचेही अंतर राहिले नाही. १३ मार्च रोजी राज्य सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेतला. २२ मार्च रोजी जनता संचारबंदी झाली, त्याच रात्रीपासून प्रवासी गाड्या बंद झाल्या, आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून, अवघ्या चार तासांच्या अवकाशाने, सारा देश घरात बसविण्यात आला. मालगाड्या चालू होत्या. माणसे तेवढी थांबली.

पाच एप्रिलचा झावळ्यांचा रविवार आणि बारा एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार आपण कसे पाळले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमच्या रिकाम्या चौकात पावसात उभे राहून जगास आशीर्वाद दिला, तो आपल्यापैकी अनेकांनी हातातल्या दूरध्वनीच्या काचेवर पाहिला. खिडकीतून मिस्सा पाहणाऱ्या मिलानच्या लोकांशी आपले नाते तेव्हा जुळले.

दारव्ह्यात त्या दिवसांत आम्ही जे पाहिले त्यातील तीन गोष्टी येथे नोंदवितो. पहिली कापसाची. हंगाम सरत आला होता आणि बऱ्याच शेतकऱ्यांचा कापूस घरातच पडून होता. खरेदी केंद्रे बंद पडली. पेरणीसाठी पैसा हवा तर कापूस विकला पाहिजे आणि कापूस विकावयाचा तर गाडी चालली पाहिजे. घरात छतापर्यंत पांढरे सोने रचलेले आणि किराण्याच्या दुकानात उधारी, असे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहिले. ज्या मालासाठी शंभर वर्षांपूर्वी विलायतेहून रूळ आणून टाकले होते, तोच माल आता दहा कोसांवर जाऊ शकत नव्हता. पुढे खरेदी पुन्हा सुरू झाली आणि ती पावसाळ्यापर्यंत रेंगाळत चालली.

दुसरी गोष्ट चालणाऱ्यांची. एप्रिलमध्ये रस्त्याने माणसे येऊ लागली. डोक्यावर गाठोडे, काखेत लेकरू, पायात फाटकी चप्पल. त्यातील काही छत्तीसगड व मध्य प्रदेशाकडचे होते, तर काही आपल्याच तांड्यांतील व खेड्यांतील, पुणे-मुंबईस बांधकामावर अथवा ऊसतोडीवर गेलेले. एका दुपारी देवळासमोरील झाडाखाली बसलेल्या कुटुंबास आम्ही पाणी नेऊन दिले आणि कोठून आलात म्हणून विचारले. घरधनी म्हणाला, “पुण्याहून निघालो जी. कुठं पायी, कुठं टरकावर. आज नववा दिस.” गावात घेतील काय, असे विचारता तो गप्प राहिला. आपल्याच गावाच्या वेशीवर काटेरी झुडपे टाकून रस्ता अडविल्याचे त्याच्या कानी आले होते. गावकऱ्यांची भीती खोटी नव्हती. त्याचे पायही खोटे नव्हते. पुढे त्या मंडळींस गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवण्यात आले आणि गावानेच भाकरी पुरविली. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते असे.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या मनास लागून राहिली आहे, आणि ती लिहावी की न लिहावी ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी उपवासकाळात कारंज्याच्या बाजूस आपल्या लेकीकडे गेल्या होत्या. टाळेबंदी झाली आणि त्या तेथेच अडकल्या. कारंजे वाशीम जिल्ह्यात, आपण यवतमाळ जिल्ह्यात. एरवी तासाभराची वाट; परंतु मधली जिल्ह्याची सीमा, जिचे अस्तित्वही कोणास जाणवत नव्हते, ती आता भिंतीसारखी उभी राहिली. एप्रिलच्या अखेरीस आजींस वृद्धापकाळच्या दुखण्याने घेरले आणि लेकीचा फोन आला, “फादर, आई तुमचीच वाट पाहून राहिली जी.” आम्ही पवित्र तेल व ख्रिस्तशरीर घेऊन निघालो. नाक्यावर अडविण्यात आले, परवानापत्र नव्हते. तेथील माणसे उर्मट नव्हती, त्यांस हुकूम होता. आम्ही परत आलो आणि अर्ज केला. परवानगी तिसऱ्या दिवशी सकाळी आली. आजी आदल्या रात्री देवाघरी गेल्या होत्या.

त्या रात्री आम्ही दूरध्वनीवरून प्रार्थना म्हटली होती आणि लेकीने तो आईच्या कानाशी धरला होता. २० मार्च २०२० रोजीच रोमहून असा निर्णय प्रसिद्ध झाला होता की, ज्यांस तैलाभ्यंगाचा लाभ होऊ शकत नाही अशा मरणोन्मुखांसाठी ख्रिस्तसभा स्वतः प्रार्थना करते आणि त्यांस देवाच्या दयेच्या हाती सोपविते. ह्या वचनावर आमचा भरवसा आहे. तरीही त्या नाक्यावरून आम्ही मोटारसायकल वळविली, तेव्हा आम्ही नियम पाळला की आपली भीती पाळली, हा प्रश्न आम्हास अजून सोडीत नाही. शेताशेतांतून जाणारी पायवाट होती; ती आम्हास ठाऊक होती. पण आमच्या अंगाखांद्यावर बसून रोग त्या घरात गेला असता तर? संत चार्ल्स ह्यांचे उदाहरण प्रवचनात सांगणे सोपे आहे. नाक्यावर ते आठवणे निराळे. लेकीने आम्हास दोष दिला नाही. “तुम्ही निघाले होते, हे आईले सांगितलं होतं जी,” एवढेच ती म्हणाली. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. तेवढीही जमली नाहीत.

आमचे दुःख देशाच्या दुःखापुढे लहान होते. ८ मे २०२० रोजी पहाटे, औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले मजूर थकून रुळांवरच झोपले असता मालगाडीखाली सापडून सोळा जण मरण पावले. गाड्या बंद आहेत, ह्या समजुतीने ते रुळांवर निजले होते. १९ मे रोजी आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात, सोलापूरहून मजुरांस घेऊन निघालेल्या बसचा ट्रकशी अपघात होऊन चौघांचे प्राण गेले. ते झारखंडास जावयाचे होते. ज्यांनी शहरांच्या इमारती बांधल्या त्यांस त्या शहरांत निवारा राहिला नाही आणि घरापर्यंत वाट राहिली नाही. टाळेबंदीने रोगाचा वेग मंदावला, इस्पितळांस सज्ज होण्यास अवधी मिळाला, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिची किंमत सर्वांनी सारखी भरली नाही.

वाटा हळूहळू उघडल्या. १ मे २०२० पासून मजुरांसाठी विशेष आगगाड्या निघाल्या. ऑगस्टअखेर अशा ४,६२१ गाड्यांनी सुमारे ६३ लाख लोक आपापल्या मुलखास पोहोचले. एसटीच्या गाड्यांनी मजुरांस राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडले. ३० जून रोजी संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या; शतकानुशतके पायी चाललेली वारी त्या वर्षी चाकांवर बसली. पायी चालू नये त्यांस चालावे लागले आणि पायी चालावयाचे त्यांस चालता आले नाही, असे ते विपरीत वर्ष होते. २० ऑगस्टपासून एसटी पुन्हा जिल्ह्याबाहेर जाऊ लागली. सप्टेंबरच्या आरंभी जिल्हाबंदीचे परवानापत्र रद्द झाले. आणि १६ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, राज्यातील सर्व प्रार्थनास्थळांची दारे उघडली. त्या सकाळी आपण एकमेकांपासून दूर बसलो होतो, तोंडे झाकलेली होती, तरी प्रत्येक जण मागे वळून कोण आले नाही ते पाहात होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, राज्याच्या बहुतेक भागांच्या आधी, यवतमाळ व अमरावती जिल्ह्यांवर पुन्हा निर्बंध आले. ती दुसरी लाट अधिक क्रूर होती. आपल्या मृत्यूंच्या नोंदवहीतील त्या वर्षीची पाने आम्ही अजूनही सावकाश उलटतो. ह्या वेळी लोकांस रस्ता मोकळा होता तर इस्पितळात खाट नव्हती आणि खाट मिळाली तर प्राणवायू नव्हता. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमास पाठविण्यात आले. ते भरून २३ एप्रिलच्या रात्री नागपुरास परतले; तीन तेथे उतरले आणि चार नाशिकला गेले. नाशिकच्या वाटेवर ही गाडी १८६७ च्या त्याच जुन्या मार्गाने, मूर्तिजापूरवरून गेली. ज्या रुळांवरून मानमोडी आली होती, त्याच रुळांवरून शंभर वर्षांनी श्वास आला. वाट स्वतः वाईट नसते आणि चांगलीही नसते. तिच्यावरून आपण काय नेतो, ह्याचाच हिशेब असतो.

तीन साथींचा हा वृत्तांत एकत्र ठेवून पाहिला तर दोन बोध निघतात. एक असा की, वाट बंद करण्याचे काम वरून होते, परंतु बंद वाटेवरील माणसास जगविण्याचे काम शेजारी करतो. प्लेगच्या झोपड्यांत, मानमोडीच्या घरांत आणि करोनाच्या शाळांत भाकर पोहोचविणारा हात नेहमी जवळचाच होता. दुसरा असा की, ज्या गावास शांततेच्या काळी चांगली वाट नाही, त्यास संकटकाळी ती अचानक मिळत नाही. वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद ह्या मार्गाने नांदेडकडे जाणारा नवा रुंद लोहमार्ग बांधण्यात येत आहे. त्यातील वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दारव्ह्यास पुन्हा शिटी ऐकू येईल, अशी आशा धरण्यास जागा आहे. ती गाडी केवळ मालासाठी न राहता आजारी माणसास इस्पितळापर्यंत आणि मजुरास घरापर्यंत नेणारी व्हावी, हे पाहणे सर्व गावाचे काम आहे.

धर्मग्रामापुरते आम्ही एक काम ह्या महोत्सवाच्या वर्षी आरंभिले आहे. कोणत्या घरात एकटे वृद्ध राहतात, कोणाकडे वाहन नाही, कोणाची मुले परगावी आहेत आणि प्रत्येक खेड्यात हाकेसरशी धावून जाईल असा माणूस कोण, ह्याची एक वही आम्ही करीत आहोत. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे राहणारी आपली माणसे तिच्या पहिल्या पानावर आहेत. रुग्णांस ख्रिस्तशरीर नेऊन देण्याचे काम शिकून तयार होतील असे प्रत्येक भागात एकदोन जण असावेत, म्हणजे पुढे कधी नाक्यावर धर्मगुरू अडला तरी प्रभू अडणार नाही. आपल्यापैकी ज्यांच्याजवळ वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या मानमोडीच्या अथवा प्लेगच्या आठवणी असतील, त्यांनी त्याही ह्या वहीत लिहवून ठेवाव्यात.

त्या आजींचे नाव आम्ही ह्या लेखात घातले नाही. कुटुंबाची तशीच इच्छा आहे. परंतु महोत्सवाच्या मिस्सेत, मृतांच्या स्मरणाच्या वेळी, आम्ही क्षणभर थांबू, तेव्हा आपणही थांबावे. आणि वाटेत राहिलेल्या सर्वांस प्रभूने आपल्या घरी पोहोचते केले असावे, अशी प्रार्थना करावी.

आपला प्रभूतील सेवक,
तुमचे धर्मगुरू